एकदा घडवावे, अनेकदा वापरावे : जपानी दूरचित्रवाणी अॅनिमेशनची निर्मितीतंत्रे, दृश्यशैली आणि मुंबईचा अनुभव

खालापूर तालुक्यातील चौक परिसरात कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ तालुक्याच्या हद्दीची तमा न बाळगता ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणूनच ओळखला गेला. ‘जोधा अकबर’ (2008) या चित्रपटासाठी तेथे मोगल किल्ल्याचे भव्य नेपथ्य उभे राहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेचे चित्रीकरणही याच आवारात झाले. चित्रपटाचे नेपथ्य चित्रपट पूर्ण झाल्यावर मोडले तरी चालते. मालिकेला मात्र तोच दरबार, तोच बुरूज निराळ्या कोनातून व निराळ्या प्रकाशात पुनःपुन्हा दाखवावा लागतो. एकदा घडवावे आणि अनेकदा वापरावे, हा दूरचित्रवाणीच्या अर्थकारणाचा मूलभूत नियम होय. या नियमातून केवळ काटकसर नव्हे, तर स्वतंत्र दृश्यशैली कशी जन्मास येते याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानी अॅनिमेशनच्या इतिहासात आढळते. प्रस्तुत लेखात त्या शैलीची घडण आणि महाराष्ट्राचा, विशेषतः मुंबईचा, तिच्याशी आलेला संबंध यांचा विचार केला आहे.

जपानमध्ये 1956 साली स्थापन झालेल्या तोएई दोगा या संस्थेचा आदर्श डिस्नेचा होता. तिचा ‘हाकुजादेन’ (1958) हा पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट त्याच वाटेने गेला. दूरचित्रवाणीची वाट निराळी निघाली. 1 जानेवारी 1963 रोजी फुजी वाहिनीवर ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक मालिका सुरू झाली आणि 1966 च्या अखेरपर्यंत तिचे 193 भाग प्रसारित झाले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग देणे जुन्या पद्धतीने अशक्यच होते.

येथे थोडे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. चित्रपटात एका सेकंदाला 24 चौकटी लागतात; म्हणजे 25 मिनिटांच्या भागाला 36,000 चौकटी. प्रत्येक चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवले, तरी 12,000 चित्रे काढावी लागतात. मुशीच्या कलावंतांनी एक भाग दोन हजारांच्या आसपास चित्रांत बसविला. उरलेली तूट कशी भरून निघाली, हाच या शैलीच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. पात्र स्थिर ठेवून केवळ ओठ, डोळे किंवा एक हात हलविणे. पात्र जागच्या जागी राहून मागील पार्श्वभूमी सरकविणे. चालण्याचे एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वापरणे. स्थिर चित्रांचे छोटे छोटे तुकडे वेगाने जोडणे, असे अनेक उपाय योजले गेले. त्यांतील विशेष महत्त्वाचा उपाय म्हणजे ‘बँक’. नायकाच्या उड्डाणाची एकदा रंगविलेली सेल्युलॉइडची पारदर्शक चित्रे जपून ठेवावयाची आणि पुढील भागांत निराळ्या आकाशावर पुन्हा मांडावयाची. खालापूरचा दरबार आणि तोक्योची ही बँक यांत तत्त्वतः फरक नाही.

या पद्धतीला ‘अपुरे अॅनिमेशन’ म्हणून हिणविण्याची प्रथा दीर्घकाळ होती आणि आपल्याकडील लेखनातही तिचा प्रतिध्वनी उमटतो. हा निवाडा एकांगी आहे. डिस्नेची हालचाल हा मानदंड मानला, तरच स्थिर चित्र उणे ठरते. दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी ‘आशिता नो जो’ (1970) आणि ‘एसु ओ नेराए’ (1973) या मालिकांत ऐन उत्कट क्षणी हालचाल थांबवून तो क्षण एखाद्या रंगचित्रासारखा गोठविला. एकच दृश्य लागोपाठ तीनदा सरकवून दाखविले. ज्या ठिकाणी पैसा नव्हता, नेमका त्याच ठिकाणी भाव साठविला गेला. जपानी प्रेक्षकाला चित्रांचे तक्ते एकामागून एक दाखवीत कथा सांगणाऱ्या ‘कामिशिबाई’ची सवय होतीच. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही चित्र हलत नाही, हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. त्यामुळे मराठी वाचकाला हे विशेष परके वाटू नये.

तथापि या काटकसरीची किंमतही नोंदविली पाहिजे. तेझुकांनी मालिका प्रत्यक्ष खर्चाहून कमी दरात दिली आणि तूट चित्रांच्या वापराचे हक्क व परदेशी विक्री यांतून भरून काढण्याचा प्रयत्न केला. परदेशी विक्री झालीही. अमेरिकेत ही मालिका 1963 मध्येच ‘अॅस्ट्रो बॉय’ या नावाने दिसू लागली. परंतु कमी दराचा पायंडा पडला आणि त्याचा भार चित्रे काढणाऱ्या हातांवर आला. मुशी प्रॉडक्शन 1973 मध्ये दिवाळखोरीत निघाली. शैलीचे कौतुक करताना हा तपशील बहुधा गाळला जातो.

मुंबईतील परिस्थिती याच्या अगदी उलट होती. दादासाहेब फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ (1915) पासून येथे सुटे प्रयोग झाले. पण संघटित शिक्षण सुरू झाले ते फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात, 1956 पासून. डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स तेथे प्रशिक्षक म्हणून आले आणि ‘द बनियन डियर’ (1957) तयार झाला. शासकीय आश्रयामुळे विभागाला स्थैर्य लाभले, मात्र साप्ताहिक प्रसारणाचा रेटा त्याच्यामागे कधीच नव्हता. संदेशपर लघुपट अधूनमधून निघत राहिले. गुणवत्ता होती; मात्र कलावंतांना त्याच पात्रांकडे आठवड्यामागून आठवडा परत येण्यास भाग पाडणारी मालिका नव्हती. त्यामुळे टंचाईतून व्याकरण घडण्याची प्रक्रिया येथे सुरूच झाली नाही, असे म्हणता येईल.

या विभागात घडलेले राम मोहन पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’चे सहदिग्दर्शक झाले. रामायणाशी संबंधित उत्खननांवरील माहितीपटाच्या निमित्ताने साको 1983 मध्ये भारतात आले होते. चित्रपटाचे आरेखन मुख्यतः जपानमध्ये झाले. वेशभूषा, हावभाव, नमस्काराची ढब यांबाबत भारतीय बाजूचे मार्गदर्शन होते आणि संगीत वनराज भाटिया यांचे होते. 1993 च्या जानेवारीत नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखविला गेला. चित्रपटगृहांत नव्या स्वरूपात तो 24 जानेवारी 2025 रोजी परतला. लक्षणीय बाब अशी की, या भेटीत मुंबईच्या वाट्याला आला तो जपानी चित्रपट, जपानी दूरचित्रवाणीची कार्यपद्धती नव्हे.

ती कार्यपद्धती घराघरांत पोहोचली, पण तयार वस्तू म्हणून. निप्पॉन अॅनिमेशनची ‘जंगल बुक’ ही 52 भागांची मालिका (1989–90) नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात दूरदर्शनने हिंदीत दाखविली. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेल्या शीर्षकगीतामुळे ती इतकी आपली झाली की, तिचे जपानीपण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. त्यामागे एक तांत्रिक कारणही होते. जपानी पद्धतीत चित्रे आधी तयार होतात आणि आवाज मागाहून भरला जातो; ओठांच्या मिटलेल्या, अर्धवट उघड्या व पूर्ण उघड्या अशा तीनच अवस्थांवर काम भागविले जाते. ज्या ओठांवर जपानी शब्दही काटेकोर जुळविलेले नसत, त्यांवर हिंदी संवाद सहज बसले.