टिंबानंतरचा कंस

जुना जावा कोड उघडला की एक खूण हमखास भेटते: कलेक्शन्स.<स्ट्रिंग>एम्प्टीलिस्ट(). आधी टिंब, मग टोकदार कंसात टाईप, मग मेथडचं नाव. २००९ साली टीममधल्या एका नवख्या मुलीच्या कोडमध्ये हे दिसलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात शेरा मारला, "काढून टाक, कंपायलरला कळतं." तिने काढलं. बिल्ड आपटला!

तर मंडळी, या कंसामागे थोडा इतिहास आहे. मार्टिन ओडरस्की आणि फिलिप वॉडलर यांची पिझ्झा ही भाषा आली १९९७ मध्ये. पुढच्याच वर्षी गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांच्यासह त्यांनी जीजे मांडली. तिच्या पायावर २००४ मध्ये जावा ५ मध्ये जेनेरिक्स आली.

पण कंस नावाच्या आधी का? सी शार्पमध्ये तो नावानंतर येतो. तिथे एफ(जी<ए, बी>(७)) वाचताना पेच पडतो: ही जेनेरिक मेथड, की स्वल्पविरामाने तोडलेल्या दोन तुलना? सी शार्पला त्यासाठी खास नियम करावा लागला. जावाने कंस टिंबाला चिकटवला आणि पेचच संपवला. किंमत एवढीच की टिंबाआधी क्लासचं नाव लागतंच, स्टॅटिक इम्पोर्ट केला तरी सुटका नाही.

आता माझी चूक. जावा ५ चा कंपायलर टाईप ओळखायला आधी आर्ग्युमेंट्स बघायचा, मग असाइनमेंटची डावी बाजू. एम्प्टीलिस्टला आर्ग्युमेंटच नाही. व्हेरिएबलमध्ये ठेवली तर जमायचं. मी तेवढंच करून पाहिलं होतं. तिने ती थेट दुसऱ्या मेथडला दिली होती. तिथे कंपायलर सरळ ऑब्जेक्ट धरायचा, आणि लिस्ट<ऑब्जेक्ट> काही लिस्ट<स्ट्रिंग>च्या जागी चालत नाही.

हे सुधारलं जावा ८ मध्ये, मार्च २०१४ ला. तरी साखळीत, म्हणजे एम्प्टीलिस्ट() पुढे लगेच .स्ट्रीम() लावलं, की अजूनही ऑब्जेक्टच मिळतो. २०१८ च्या जावा १० मधल्या 'व्हार'सोबतही तेच.

त्या मुलीची मी तेव्हाच माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मीपण तासभर अडकले होते." तो तास तिने त्या कंसात लिहून ठेवला होता, आणि मी त्याला कचरा म्हणालो.

आता एडिटर हे जुने कंस करड्या रंगात दाखवतो. मी काढतोही. पण एकेक, आणि बिल्ड करून मगच.