नागपूरकरांची आवडती राणी

राजघराण्यांतील अमुक एक व्यक्ति आपल्याला इतरांहून अधिक आवडते, असें म्हणण्याची मौज सर्व देशांतील लोकांना वाटत आली आहे. इंग्लंडच्या राजघराण्याविषयीं तर ही चर्चा अजूनहि संपलेली नाहीं. कोणी दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा संयम वाखाणतो, कोणी डायनाच्या कनवाळूपणाची आठवण काढतो. आजच्या वाचकाला ही निवळ करमणूक वाटते, आणि तें स्वाभाविकच आहे. कारण त्या घराण्याशीं आपलें राजा-प्रजा हें नातें आतां उरलेलें नाहीं. परंतु आपल्या आजे-पणजांनींहि एके काळीं अशीच निवड केली होती, आणि ती करमणुकीखातर केलेली नव्हती. त्या निवडीचा इतिहास नागपूरसारख्या शहरांत विशेष स्पष्टपणें दिसतो. ज्या नगरीचें राज्य अखेर रणांगणावर नव्हे, तर कागदावरच्या एका ठरावानें गेलें, तिला राज्य घेणाऱ्यांचीच राणी प्रिय कां वाटावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. त्यांस पुत्र नव्हता व हयातींत दत्तकविधानहि झालें नव्हतें. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल यानें राज्य कायम ठेवावें असें मत दिलें. पण गव्हर्नर जनरल डलहौसी याला तें मानवलें नाहीं. सुमारें ऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख, चाळीस लाखांहून अधिक प्रजा, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस हें सारें हिशेबांत धरून त्यानें १८५४ सालीं हें राज्य कंपनीच्या मुलखास जोडून टाकलें. राज्य जाणें ही गोष्ट त्या काळीं नवी नव्हती. साताऱ्याचें उदाहरण ताजें होतें. नागपूरकरांच्या मनाला अधिक झोंबली ती वाड्याची विटंबना. भोसल्यांचे हत्ती, घोडे व बैल लिलांवांत निघाले. जडजवाहीर कलकत्त्यास जाऊन तेथें विकलें गेलें. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बाकाबाई हिनें, वाड्यांतील सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असें बजावल्याचें इंग्रज इतिहासकारांनींच लिहून ठेविलें आहे. हीच बाकाबाई तीन वर्षांनीं, १८५७ च्या धामधुमींत, आपल्या माणसांना बंडापासून दूर राहण्यास सांगत होती. तिनें तें प्रीतीनें केलें असें कोण म्हणेल? जें थोडें उरलें आहे तें तरी राहावें, एवढाच तिचा हिशेब असावा. पुढें १८६० सालीं घराण्याचे दत्तक वारस जानोजी यांस 'देऊरचे राजेबहाद्दर' हा किताब मिळाला. राज्याच्या जागीं किताब आला.

अशा मनःस्थितींत असलेल्या लोकांपुढें १८५८ च्या नोव्हेंबरांत राणीचा जाहीरनामा आला. १ नोव्हेंबर रोजीं लॉर्ड कॅनिंगनें तो अलाहाबादेस वाचून दाखविला. संस्थानिकांशीं झालेले करार पाळले जातील, आम्हांस अधिक मुलुखाची हांव नाहीं, कोणाच्या धर्मांत हात घातला जाणार नाहीं, आणि जातीचा वा धर्माचा भेद न करतां लायकीप्रमाणें सर्वांना सरकारी अधिकाराच्या जागा मोकळ्या राहतील, असा त्याचा मथितार्थ होता. या प्रत्येक वचनाला नागपूरकराच्या दृष्टीनें वेगळीच धार होती. अधिक मुलुखाची हांव नाहीं, हे शब्द ज्याचा मुलूख चारच वर्षांपूर्वीं त्या हांवेस बळी पडला त्यानें कोणत्या कानांनीं ऐकले असतील? नागपूरचें राज्य त्या वचनानें परत आलें नाहीं. पण आपल्यावर गुदरलें तें अन्यायाचेंच होतें, अशी कबुलीच जणूं राणीच्या तोंडून मिळाली, असें अनेकांना वाटलें असावें. धनी चांगला, कारभारी वाईट, ही आपल्या लोकांची जुनी समजूत. ती येथें पुरेपूर कामीं आली. राज्य घेतलें, लिलांव मांडला, तो कंपनीनें. वचन दिलें तें राणीनें. कंपनी तर आतां बुडालीच होती. मग राणीवर राग धरण्याचें कारण काय?

शिवाय ही राणी दूर होती. तिनें हिंदुस्थानच्या भूमीवर कधींहि पाऊल ठेविलें नाहीं. उतारवयांत तिनें पदरीं हिंदी नोकर ठेविले, मुनशी अब्दुल करीम याच्याकडून हिंदुस्थानी लिपीचे धडेहि गिरविले. पण आपल्या लोकांना ती दिसली ती केवळ चित्रांतून आणि रुपयावरून. रुपयाची ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये. कंपनीच्या अमदानींतच, १८४० पासून, राणीचा चेहरा नाण्यावर आला होता. १८६२ पासून त्या नाण्यावरून कंपनीचें नांव गेलें व राणी एकटीच राहिली. वजन एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हा 'राणीछाप' रुपया आपल्या बायकांनीं डब्यांत जपला, लक्ष्मीपूजनाच्या ताटांत ठेविला. पुढें १८७७ नंतर त्यावर राणीची सम्राज्ञी झाली. तिच्या मागून 'राजाछाप' आला. आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, त्यांतील चांदी निम्म्यावर आली. तेव्हां जुन्या माणसांनीं राणीछाप रुपया आठवावा यांत नवल नाहीं. ज्या माणसानें जाहीरनामा कधीं वाचला नव्हता त्याचा राणीवरचा विश्वास या चांदीवर उभा होता. नाणें वाजवून पाहतां येतें, वचन वाजवून पाहतां येत नाहीं, एवढाच काय तो फरक.

नागपुरांत या प्रीतीला दगडविटांचें रूप १ जानेवारी १८७७ रोजीं मिळालें. त्या दिवशीं दिल्लीस लॉर्ड लिटननें दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें, आणि त्याच दिवशीं जमशेटजी टाटांच्या नागपुरांतील गिरणीचें काम सुरू झालें. गिरणीस 'एम्प्रेस' हें नांव मिळालें. ही जागा मुळांत दलदलीची. नागपूरच्या एका पेढीवाल्यानें भांडवल देण्याचें नाकारून, टाटा जमिनींत सोनें पुरीत आहेत असें म्हटलें होतें. पुढें गिरणीची भरभराट पाहून, त्यांनीं माती घातली आणि सोनें काढलें, असें त्यालाच म्हणावें लागलें. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण तिच्यामागचा दुसरा अर्थ सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. नागपूरचें राज्य घेतांना डलहौसीची दृष्टि मँचेस्टरला लागणाऱ्या कापसावरहि होती. तेवीस वर्षांनीं तोच कापूस नागपुरांतच, हिंदी भांडवलानें, हिंदी मजुरांच्या हातून पिंजला, कातला व विणला जाऊं लागला, आणि मँचेस्टरशीं स्पर्धा करणाऱ्या त्या गिरणीच्या दारावर नांव लागलें मँचेस्टरच्या राणीचें! याला लाचारी म्हणावें कीं चातुर्य? मला वाटतें, त्या काळच्या राजनिष्ठेंत दोन्हींचा अंश होता, आणि तिचें खरें स्वरूप ओळखावयाचें तर एवढें मिश्रण मान्य केलें पाहिजे.

कारण ही राजनिष्ठा मुकी नव्हती. त्याच दिल्ली दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फें गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातानें कातलेल्या सुताचीं वस्त्रें नेसून गेले. दक्षिणेंत दुष्काळ पडलेला, माणसें मरत होतीं, आणि दिल्लींत हत्ती झुलत होते. काकांनीं राणीचें अभिनंदन केलें, व त्याच मानपत्रांत राणीच्या इंग्रज प्रजेला जे राजकीय व सामाजिक हक्क आहेत तेच हिंदी प्रजेला मिळावेत अशी मागणी केली. अकरा वर्षांनीं, १८८८ च्या मार्चांत, हरि रावजी चिपळूणकरांनीं पुण्यास राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. तेथें जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषांत आले, आणि त्यांनीं ड्यूकला सांगितलें कीं, येथें दागदागिने घालून बसलेलीं माणसें म्हणजे राणीची खरी प्रजा नव्हे. ती खेड्यापाड्यांत अर्धपोटीं आहे, तिच्या मुलांना शिक्षण द्या, हें आपल्या मातोश्रींना कळवा. काका आणि जोतीराव यांचे मार्ग भिन्न होते, पण राणीकडे पाहण्याची रीत एकच होती. प्रीति दाखवावयाची आणि तिच्या आधारें वचनाची वसुली मागावयाची.

ही वसुली मात्र झाली नाहीं. जाहीरनाम्यांत ज्या जागा सर्वांना मोकळ्या म्हटल्या होत्या, त्यांच्या परीक्षेची वयोमर्यादा एकविसावरून एकोणिसावर आली. इतक्या कोंवळ्या वयांत विलायतेस जाऊन परीक्षा देणें हिंदी मुलाला जवळजवळ अशक्यच झालें. सन १८७८ मध्यें देशी वर्तमानपत्रांचीं तोंडें बांधणारा कायदा आला. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यानें मध्यप्रांताला विशेष भाजून काढलें. आणि त्याच वेळीं मुंबई-पुण्याकडे प्लेग होता. अशा वर्षीं, २२ जून १८९७ रोजीं, राणीच्या राज्यारोहणाचा साठ वर्षांचा उत्सव देशभर झाला. पुण्यांत त्याच रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. नागपुरांत शाळांतून मुलांना मिठाई वांटली गेली. आणि नील सिटी शाळेंतील केशव बळीराम हेडगेवार या आठ वर्षांच्या मुलानें ती फेंकून दिली, असें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. हें मूल पुढें कोण झालें, त्यानें कोणता पंथ काढला, याविषयीं वाचकांचीं मतें निरनिराळीं असतील. येथें पाहावयाचें तें इतकेंच कीं, ज्या घरांत आजोबांनीं राणीछाप रुपया जपला असेल तशाच घरांतील नातवाला आतां राणीची मिठाई गोड लागेनाशी झाली होती.

राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली. नागपुरांत तिच्या स्मरणार्थ व्हिक्टोरिया टेक्निकल इन्स्टिट्यूटची इमारत उभी राहिली. पण प्रीति वारसाहक्कानें मिळत नाहीं. सातवे एडवर्ड यांच्या नांवानें रुग्णालयें निघालीं, पुढें अमरावतीस कॉलेजहि निघालें. परंतु घरोघरीं त्यांचें नांव रुजलें नाहीं. पांचवे जॉर्ज दिल्लीच्या दरबारासाठीं आले तेव्हां, १२ डिसेंबर १९११ रोजीं, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मुजरा करून पाठ न वळवितां मागें सरण्याचा शिष्टाचार चुकले, व त्यावर इंग्रजी पत्रांनीं काहूर उठविलें. याच दौऱ्यांत राजा-राणींनीं नागपूरच्या लोकांना दर्शन दिलें तें सीताबर्डीच्या किल्ल्यावरून. तेथें त्याची खूण म्हणून स्तंभ उभा आहे. टेकडी कोणती, हें नागपूरकराला सांगावयास नको. येथेंच २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला होता, आणि त्या विजयानंतरच इंग्रजांनीं हा किल्ला बांधला. जी राणी कधीं आलीच नाहीं तिला मनांत जागा मिळाली. जो राजा खरोखर आला तो पराभवाच्या टेकडीवर उभा राहून दिसला. दूर असतांना झांकलेलें सारें जवळ येतांच उघडें पडलें.

या इतिहासाचा शेवटचा अंक नागपुरांतच झाला. डिसेंबर १९२० मध्यें येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. प्रतिनिधि चौदा हजारांवर होते. आरंभींच्या काळांत याच काँग्रेसच्या सभा राणीच्या जयघोषानें संपत असत. आतां तिनें आपल्या ध्येयाच्या कलमांतून ब्रिटिश साम्राज्याचा उल्लेखच काढून टाकला आणि शांततेच्या व न्याय्य मार्गांनीं स्वराज्य एवढेंच शिल्लक ठेविलें. नव्या कायदेमंडळांचें उद्घाटन करण्यासाठीं राजघराण्यांतील एक वृद्ध गृहस्थ येणार होते. त्यांच्याविषयीं व्यक्तिशः अनादर नाहीं, पण त्यांच्या स्वागतसमारंभांत कोणी भाग घेऊं नये, असाहि ठराव तेथें झाला. हे गृहस्थ म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट. बत्तीस वर्षांपूर्वीं जोतीरावांनीं ज्यांच्याजवळ राणीसाठीं निरोप दिला होता तेच. त्या निरोपाचें उत्तर आलें नव्हतें. आतां तें मागावयासहि कोणी थांबला नाहीं.

आपल्या पूर्वजांना भोळे म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु राज्यकर्ता कोण असावा हें ठरविण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांना त्या घराण्यांतील कोणाला आपलें म्हणावें, एवढीच निवड उरली होती. ती त्यांनीं विचारपूर्वक केली. त्यांनीं राणीचें रूप किंवा वैभव निवडलें नाहीं. तिच्या नांवानें दिलेलें वचन निवडलें, तें साठ वर्षें जपलें, वारंवार पुढें करून दाखविलें, आणि तें पाळलें जात नाहीं अशी खात्री पटल्यावर शांतपणें खालीं ठेविलें. नागपूरची एम्प्रेस गिरणी आतां बंद आहे; तिच्या जागेवरच्या नव्या बाजारपेठेनें 'एम्प्रेस' हें नांव तेवढें ठेविलें आहे. तेथें खरेदीस जाणाऱ्या मुलांना ही सम्राज्ञी कोण, हें विचारावेंसेंहि वाटत नसेल. त्यांना राज्यकर्ते निवडण्यासाठीं मत आहे; आवडती राणी निवडण्याची गरज त्यांच्यावर आलेली नाहीं. मत देतांना मात्र समोर ठेविलेलें वचन पणजोबांच्या चिकाटीनें जपावें आणि तितक्याच चिकाटीनें त्याचा हिशेब मागावा, एवढें त्यांनीं या जुन्या प्रीतीकडून अवश्य घ्यावें.