हवा लागली की...

मंडळी, बॅटरीचा इतिहास हा हवेशी झगडण्याचाही इतिहास आहे. १९७०च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचा इलेक्ट्रोड वापरला. त्याला दमट हवा सोसत नाही. १९८०मध्ये गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड दाखवलं. त्यात लिथियम आधीच बांधलेलं, आणि पूड साध्या हवेत टिकणारी! १९९१मध्ये सोनीची बॅटरी बाजारात आली.

डिसेंबर २०२३मध्ये आपल्या पुण्यात केपीआयटीने आयसर पुण्याच्या साथीने सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मिठातही असतं, मुबलक आहे. पण त्याची बरीच थरयुक्त ऑक्साइडं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. वर कार्बोनेटचा थर साचतो, क्षमता घटते. पुण्याच्या आषाढात तर विचारूच नका! म्हणून स्वस्ताईचा हिशेब मांडताना आपण कोरड्या खोलीचा खर्चही धरायला हवा.