डॉज गाडी आणि कुत्र्याची तबकडी

करमाळ्यात जुन्या गोष्टी निघाल्या की अमेरिकन मोटार आणि फोनो हमखास निघतात, आणि ‘तो विलायती माल आता कुठला!’ असा सुस्कारा सुटतो. सुस्कारा खरा, इतिहास मात्र थोडा निराळा आहे. मुंबईस शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून शेव्हरोले जोडीत असे. तो कारखाना अमेरिकनांचाच, १९५४ साली बंद झाला. पण डॉज, डी सोटो, प्लिमथ? त्या १९४७ पासून कुर्ल्यास प्रीमियरमध्ये जोडल्या जाऊ लागल्या, आणि प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मलेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे! महायुद्धात इंग्रज सरकारने मोटारीच्या कारखान्यास साहाय्य नाकारले, तरी १९४४ साली त्यांनी कंपनी उभारलीच. सुटे भाग आरंभी क्रायस्लरकडून येत, हे मान्य. हात कुर्ल्याच्या कामगारांचे होते.

फोनोचेही तेच. हिराबाई बडोदेकरांचे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारी कुत्र्याच्या छापाची तबकडी बहुधा कलकत्त्याजवळ दमदमला तयार झालेली असे. चावी द्यायची, सुई बदलायची, की घरातील म्हातारी माणसे म्हणत, ‘पुन्हा लाव.’ कुणाच्या माळ्यावर अशी तबकडी अजून असेल, तर तिच्यावरील बारीक अक्षरे एकदा जरूर वाचावीत.