उंदराची अँटीबॉडी आणि पोटातल्या कण्या

मागच्या व्याख्यानात आपण कोलर आणि मिलस्टाइन यांच्यापाशी थांबलो होतो. १९७५ साली केंब्रिजमध्ये त्यांनी उंदराच्या पेशींकडून एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी बनवून घेतली. आज तिला किरणोत्सारी अणू जोडून अंडाशयाचा कर्करोग शोधायची जी धडपड झाली, तिच्याकडे वळू.

आधी अडचण समजून घेऊ. हा कर्करोग एका जागी बसून राहत नाही. पोटाच्या आतल्या अस्तरावर तांदळाच्या कण्यांसारखा विखुरतो. त्या काळच्या सीटी स्कॅनला या कण्या दिसत नसत. म्हणून केमोथेरपी संपली की बाईचं पोट पुन्हा उघडून बघायचे. त्याला 'सेकंड लुक' म्हणत. नुसतं बघण्यासाठी आणखी एक मोठं ऑपरेशन! ते टाळता येईल का, हा खरा प्रश्न होता.

१९८२ साली लंडनमध्ये एपेनेटोस आणि सहकाऱ्यांनी आयोडीन-१२३ जोडलेल्या अँटीबॉडी रुग्णांना दिल्या आणि गामा कॅमेऱ्यात गाठी दाखवल्या. या अँटीबॉडी मुळात कशाविरुद्ध तयार केल्या होत्या? तर आईच्या दुधातल्या स्निग्ध कणांच्या आवरणाविरुद्ध. त्या आवरणातलं एक प्रथिन कर्करोगाच्या पेशींवरही भरपूर असतं.

पण शरीरात आयोडीन अँटीबॉडीपासून सुटतं आणि थायरॉइडकडे जातं. शिवाय अँटीबॉडी रक्तातून ओसरायला दोन-तीन दिवस लागतात, आणि आयोडीन-१२३ तर १३ तासांतच निम्मं होतं. म्हणून मग इंडियम-१११ आलं, त्याचा अर्धायुकाल २.८ दिवसांचा. त्याचीही खोड होतीच: ते यकृतात साठायचं, आणि यकृताच्या झगमगाटात शेजारची गाठ लपायची. तरी डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत 'ऑन्कोसिंट'ला मान्यता मिळाली, मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगासाठी.

खरी पंचाईत मात्र कॅमेऱ्यात नव्हती. अँटीबॉडी उंदराची, त्यामुळे बऱ्याच रुग्णांचं शरीर तिच्याविरुद्धच अँटीबॉडी बनवायचं. आता याच बायका आजार उलटतोय का हे कळावं म्हणून सीए-१२५ ही रक्तचाचणी करत, आणि त्या चाचणीतही उंदराच्याच दोन अँटीबॉडी असतात. एक पकडते, दुसरी खूण करते. रुग्णाच्या रक्तातली नवी अँटीबॉडी या दोघींना परस्पर जोडून टाकायची आणि आकडा खोटाच चढायचा. म्हणजे ऑपरेशनची भीती घालवायला काढलेला फोटो पुढे महिनोन्‌महिने रिपोर्टची भीती मागे ठेवू शकत होता. याच्यावर प्रयोगशाळांनी काढलेला उपाय तसा घरगुतीच म्हणायचा: चाचणीत आधी साधं उंदराचं सीरम मिसळायचं, म्हणजे ती आगंतुक अँटीबॉडी त्यातच अडकते.

बारीक कण्या मात्र या फोटोतही निसटत राहिल्या. पुढे पेट स्कॅन आला आणि ऑन्कोसिंट बाजारातून गेलं. 'सेकंड लुक'ही मागे पडलं, पण ते काही फोटोमुळे नव्हे. पोट उघडून बघितल्याने बायकांचं आयुष्य वाढत नाही, हे तोवर डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.