पेठेचा चेंडू

कॉलेजच्या संघामागे विद्यापीठ असते, गिरणीच्या संघामागे शेठ. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात आधी गोऱ्या पलटणी खेळल्या, पुढे टाटा, मफतलाल यांचेही संघ उतरले. तेथे खेळाडूचा पगार मालकाच्या हाती.

कोल्हापुरात १९४० साली स्पोर्ट्स असोसिएशन निघाली खरी. पण पाटाकडील काय, खंडोबा काय, हे संघ तालमींचे. कुस्तीच्या आखाड्यातच चेंडू रुजला! त्यांच्यामागे पेठ आणि तिची वर्गणी. उद्यमनगरात दिवसभर घाम गाळणारा गडी शाहू स्टेडियमवर उतरतो तेव्हा तो कुणाचा नोकर नसतो. मात्र पाय मोडला, तर बुडालेल्या मजुरीचे काय? शेठ नाही म्हटल्यावर हे देणे पेठेचेच. हंगामाच्या वर्गणीतला एक वाटा जायबंदी खेळाडूंसाठी आधीच बाजूला काढावा. जल्लोषाचा खर्च त्यानंतर.