बसऱ्याचे तात्या

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढंच तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं आहे. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. साताऱ्याकडच्या पुष्कळ गावांत अशा पाट्या दिसतात. आमच्या पाटीवरच्या पहिल्या आकड्यात माझे पणजोबा आहेत. इराकमधल्या बसरा बंदरावरून गाव त्यांना 'बसऱ्याचे तात्या' म्हणायचं.

आजी त्यांची सून. ती सांगायची, "पहाटे मी दळायला बसले की मामंजी उठून जवळ यायचे. दळण झालं की जात्याभोवतीचं पीठ आपल्या हातानं पुसून घ्यायचे. केरसुणी लावू द्यायचे नाहीत." लढाईचं विचारलं तर "नदी लई मोठी होती" एवढं बोलून गप्प बसायचे. घराणं माळकरी. जाताना गळ्यात तुळशीची माळ होती. आल्यावर त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि पुन्हा घातली नाही. आषाढीची दिंडी निघाली की वेशीपर्यंत सोबत जायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. का, ते कुणी विचारलं नाही.

पुढे ती नदी शोधत मी वाचू लागलो आणि इराकमधल्या तैग्रिस नदीच्या वळणावरचं कुत-अल-अमारा हे गाव सापडलं. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तिथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३,००० जण शरण गेले. पुढे वाळवंटातून पायपीट, अनातोलियातल्या रेल्वेमार्गावर बिगारी. कितीतरी जण वाटेतच पडले.

वेढ्यात धान्य होतं तर दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. शेवटी शेवटी शिपायाला दिवसाला जेमतेम चार-पाच औंस पीठ मिळे, म्हणजे धड दोन भाकरींपुरतंही नाही. घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपाई ते मांस खाईनात, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती तारेनं मागवली गेली. तरी महिनोन् महिने शिपायांनी नकार दिला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. एप्रिलमध्ये मात्र बहुतेकांनी खायला सुरुवात केली.

तात्यांनी खाल्लं का? माळ पुन्हा न घालण्याचं कारण तेच का? सांगता येत नाही. टाउनशेंडनं १९२० मध्ये आपल्या मोहिमेवर जाडजूड पुस्तक लिहिलं. तात्यांना सही करता येत नव्हती. त्यामुळे पुस्तकात कारणं आहेत आणि तात्या नाहीत. आजीच्या गोष्टीत तात्या आहेत आणि कारणं नाहीत.

दोन्ही जोडून पाहिलं तरी मोठी फट उरतेच. वेढा १४७ दिवस चालला हे मला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. खंदकातल्या माणसाला फक्त आजचा दिवस ठाऊक होता. सुटकेच्या फौजेच्या तोफा कुतपर्यंत ऐकू यायच्या. आवाज जवळ आला की आशा, लांब गेला की पुन्हा तीच भूक. शेवट माहीत असलेल्याला ही टांगणी कशी कळावी? युद्ध भोगलेली माणसं याच टांगणीत जगली आणि इतिहास नेमकी तीच गाळून पुढं जातो.

म्हणून घरात कुणी युद्ध, फाळणी, छावणी पाहिलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याला सनावळ्या विचारू नका. त्या पुस्तकात मिळतील. तेव्हा काय खाल्लं, कुणाची वाट पाहिली, घरी परतल्यावर काय सोडून दिलं, ते विचारा. उत्तर आलं तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नाही आलं, तर कुठल्या प्रश्नाला ते गप्प झाले, तेवढं तरी टिपून ठेवा. युद्धाचा तोही पुरावाच आहे, आणि तो आपल्याशिवाय दुसरं कुणी जपणार नाही.